डर्बीत पुढे जाऊन खेळायचं की मागे बसायचं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तुमचा फुटबॉल संघ वर्षभर ४-३-३ (चार बचावपटू, तीन मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड) खेळतो, डिफेन्सची लाइन वर, म्हणजे आपल्या गोलपासून दूर, ठेवतो आणि समोरच्याला त्याच्याच हाफमध्ये प्रेस करतो, म्हणजे बॉल हिसकावायला त्याच्यावर धावून जातो. पुढच्या आठवड्यात डर्बी, म्हणजे जुन्या वैरी संघाशी सामना आहे. त्यांचा स्ट्रायकर अतिशय वेगवान आहे आणि त्यांचा दहा नंबर (स्ट्रायकरच्या मागे खेळून संधी तयार करणारा खेळाडू) त्याला नेमका लाइनमागे पास सोडतो. तुमच्यातले अर्धे म्हणतात, आपला खेळ सोडायचा नाही, पहिल्या मिनिटापासून अंगावर जायचं. उरलेले म्हणतात, तो धोका नको, ५-४-१ करून मागे बसा आणि काउंटरवर, म्हणजे बॉल मिळताच झटकन उलटी चढाई करून मारा. शिवाय तीन पोटप्रश्न आहेत: दहा नंबरमागे माणूस लावावा का, एकोणीस वर्षांच्या विंगरला (कडेने खेळणाऱ्या फॉरवर्डला) सुरुवातीपासून उतरवावं का, आणि आघाडी मिळाली तर मागे सरून ती राखावी का.

मी बरीच वर्षं कोचिंगमध्ये आहे आणि त्यातला मोठा काळ समोरच्या संघाचा अभ्यास करण्यात गेला आहे. उत्तर आधी सांगतो, कारणं मग. ४-३-३ ठेवा, प्रेसही ठेवा. मात्र आपण चढाई करत असताना मागे कोण, किती आणि कुठे उभे राहतील, हे या सामन्यासाठी नव्याने ठरवा. तुमच्या दोन्ही गटांच्या वादात नेमकी हीच गोष्ट कोणी बोलत नाही. एक बाजू बॉल आपल्याकडे असतानाचं चित्र डोळ्यासमोर ठेवून बोलते, दुसरी बॉल त्यांच्याकडे असतानाचं. डर्बी बहुतेक वेळा या दोन्हींच्या मधे फिरते: बॉल आपल्याकडून सुटला, त्यानंतरच्या पाच-सहा सेकंदांत.

आपल्याकडचंच उदाहरण घेतो. १३ जुलै १९९७, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, फेडरेशन कपची उपांत्य फेरी, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. सव्वा लाखाहून जास्त प्रेक्षक होते. मोहन बागानचे कोच अमल दत्त यांनी त्या मोसमात 'डायमंड' रचना आणली होती. तिच्यात चढाईला भरपूर माणसं असत, आणि आधीच्या फेरीत त्यांनी चर्चिल ब्रदर्सला ६-० असं धुतलं होतं. सामन्याआधी सगळी चर्चा डायमंडची. ईस्ट बंगालचे कोच होते पी. के. बॅनर्जी. निकाल लागला ४-१, ईस्ट बंगालच्या बाजूने, आणि बायचुंग भुतियाने हॅट्ट्रिक केली. त्यानंतर बऱ्याच जणांनी निष्कर्ष काढला की डर्बीत इतकं आक्रमक खेळायचं नसतं. मला तो निष्कर्ष पटत नाही. त्याच रचनेने त्या मोसमात गोलांचा पाऊस पाडला होता. फरक असा की पुढे गेलेल्या माणसांच्या मागे मोकळी पडणारी जागा वापरू शकेल असा स्ट्रायकर या वेळी समोर होता, आणि ती जागा कोण झाकणार याची सोय नव्हती. तुमच्यापुढे आज अगदी हाच पेच आहे.

आता 'नेहमीसारखंच खेळू' म्हणणाऱ्यांसाठी. लाइन वर ठेवणं हा धाडसाचा प्रश्न आहे असं समजलं जातं. त्यामागे एक साधा नियम आहे आणि तो बचावपटूला लहानपणीच शिकवला जातो: ज्याच्या पायात बॉल आहे त्याच्यावर दाब असेल तर लाइन वर राहू शकते, तो मान वर करून निवांत पास देऊ शकत असेल तर लाइनने त्याच क्षणी मागे सरकायला हवं. ६ नोव्हेंबर २०२३ ला टॉटनहॅम विरुद्ध चेल्सी या लंडनमधल्या जुन्या वैऱ्यांच्या सामन्यात काय झालं ते आठवा. टॉटनहॅमच्या रोमेरोला ३३व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं, उदोगीला ५५व्या. नऊ जण उरले असतानाही टॉटनहॅमचे कोच पोस्टेकोग्लूंनी लाइन जवळजवळ मध्यरेषेवर ठेवली. चेल्सीला कितीतरी वेळ वाट सापडेना, १-१ टिकून राहिलं. मग ७५व्या मिनिटाला निकोलस जॅक्सनने गोल केला, भरपाई वेळेत आणखी दोन केले आणि सामना ४-१ झाला.

त्या धाडसाचं खूप कौतुक झालं. खेळाडूंनी जीव तोडून पळापळ केली, त्याबद्दल मलाही आदर आहे. पण नऊ जणांत पास देणाऱ्यावर दाब ठेवायला माणूसच उरत नाही. आणि लाइन मध्यरेषेला टेकली की ऑफसाइडचा नियमही मदतीला येत नाही, कारण स्वतःच्या हाफमध्ये उभा असलेला खेळाडू ऑफसाइड धरला जात नाही. तो तिथून सुटला की पुढचे पन्नास मीटर त्याचे. म्हणून 'लाइन वर' हा निर्णय एकट्या चार डिफेंडरांचा कधीच नसतो. तो पुढच्या तिघांच्या पायांवर अवलंबून असतो. तुमचे पुढचे तिघे साठाव्या मिनिटापर्यंत पळू शकत असतील, तर लाइन साठाव्या मिनिटापर्यंतच वर ठेवता येते, हे आधीच मान्य करून पुढची तजवीज करावी.

मागे बसा म्हणणाऱ्यांची भीती खरी आहे, पण त्यांनी सुचवलेला उपाय स्वस्त नाही. ५-४-१ मध्ये बॉल मिळतो तो आपल्या गोलपासून वीस-पंचवीस मीटरवर. मैदान साधारण १०५ मीटर लांब असतं. म्हणजे काउंटर करायला ऐंशी मीटर पार करायचे, आणि पुढे एकटा स्ट्रायकर, त्याच्याभोवती समोरच्यांचे दोन सेंटर बॅक (मधले बचावपटू). पहिला पास त्याच्यापर्यंत गेला तरी तो धरून ठेवायला लागतो, तोवर मागून कोणीतरी धावत यायला लागतं. वर्षभर या पद्धतीने खेळणारा संघ हे न बघता करतो. तुमचा संघ वर्षभर वेगळंच करत आला आहे. मागे बसणाऱ्या संघाला स्वतःच्या बॉक्समध्ये उभं राहून क्रॉस काढणं, परत आलेला दुसरा बॉल जिंकणं, वीस मिनिटं बॉल न मिळता डोकं शांत ठेवणं, या सवयी लागतात. त्या एका आठवड्यात लागत नाहीत.

आणि तो आठवडाही पूर्ण हातात नसतो. आधीचा सामना शनिवारी झाला असेल तर पहिले दोन दिवस पाय मोकळे करण्यात आणि दुखापती बघण्यात जातात. सामन्याच्या आदल्या दिवशी हलका सराव. डावपेचांसाठी खरोखर जोर लावून काम करता येतील असे दोन दिवस मिळतात, फार तर तीन. त्यात अकरा जणांना नवी रचना शिकवली तर सामन्यात प्रत्येक जण अर्धा सेकंद विचार करून हलतो, आणि डर्बीत तेवढा उशीर महागात पडतो.

मोठ्या संघांनाही याला वेळ लागतो. २९ नोव्हेंबर २०१० ला मोरिन्योंचा रेआल माद्रिद बार्सिलोनाकडून ५-० ने हरला. त्यानंतर एप्रिल-मे २०११ मध्ये हे दोन संघ १८ दिवसांत चार वेळा भिडले. या वेळी मोरिन्योंनी सेंटर बॅक पेपेला मिडफिल्डमध्ये आणलं, मधली जागा आवळली. लीगमध्ये १-१, आणि २० एप्रिलच्या कोपा देल रेच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत रोनाल्डोच्या हेडरवर १-० असा विजय. मात्र पहिल्या धड्यापासून त्या विजयापर्यंत जवळपास पाच महिने गेले होते, आणि त्या जागेला हवा तसा एक खेळाडू हाताशी होता. आठवड्याने चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात ६१व्या मिनिटाला पेपेला लाल कार्ड मिळालं, मधली जागा उघडी पडली आणि मेस्सीने दोन गोल करून सामना घेतला. एका माणसावर उभा केलेला बचाव एका कार्डाने कोसळू शकतो, हे डर्बीच्या आठवड्यात प्रत्येक कोचने लक्षात ठेवायला हवं.

मग नक्की काय बदलायचं? एकच गोष्ट बदला, आणि ती अशी निवडा की तिच्यामुळे समोरच्याला निर्णय घ्यावा लागेल. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण २ मे २००९ चं आहे. रेआलच्या बर्नबेउ मैदानावर बार्सिलोनाने रेआलला ६-२ हरवलं. बार्सिलोनाचे कोच ग्वार्दिओलांनी संघाची सगळी घडी विस्कटली नाही. मेस्सीला उजव्या विंगवरून मध्ये आणलं, एटोला उजवीकडे पाठवलं, एवढंच. मेस्सी स्ट्रायकरच्या जागेवरून मागे, मिडफिल्डकडे सरकायचा. आता कानावारो आणि मेट्सेल्डर या रेआलच्या दोन सेंटर बॅकनी करायचं काय? त्याच्यामागे पुढे गेलं तर पाठीमागे आँरी आणि एटो धावायला तयार. जागेवर थांबलं तर मेस्सीला मोकळा बॉल. चूक त्यांच्या कुवतीत नव्हती. दोन्ही पर्याय वाईट होते. आँरीने दोन केले, मेस्सीने दोन. बाकीच्या नऊ जणांना आपलं रोजचंच काम करायचं होतं, म्हणून ते न अडखळता झालं.

तुमच्या संघासाठी ती एक गोष्ट मी मागच्या व्यवस्थेत शोधेन. आत्ता तुमचे दोन्ही फुलबॅक (कडेचे बचावपटू) एकाच वेळी वर जातात आणि मागे दोन सेंटर बॅक व एक होल्डिंग मिडफिल्डर (बचावाच्या अगदी पुढे उभा राहणारा) असे तिघे उरतात. वेगवान स्ट्रायकर आणि चांगला दहा नंबर असलेल्या संघाविरुद्ध हे कमी पडतं. या सामन्यात एका वेळी एकच फुलबॅक वर जाईल असं ठरवायचं. उजवा गेला की डावा आत सरकून होल्डिंग मिडफिल्डरच्या बाजूला उभा राहील. म्हणजे मागे दोन, त्यांच्यापुढे दोन, असा चौकोन तयार होतो. पुढे सहा जण चढाईला उरतात, आणि सहा पुरतात. तुमच्यातल्या 'अंगावर जा' म्हणणाऱ्यांनी हे नीट मोजून बघावं: चढाईतून एकच माणूस कमी होतोय, आणि त्या बदल्यात बॉल सुटला की तो तिथल्या तिथे परत मिळवायला दोन माणसं उभी आहेत.

हे मैदानावर शिकवताना मी फळ्यावर बाण काढून दाखवत नाही. अर्ध्या मैदानात चढाईचा सराव लावायचा आणि मधेच शिट्टी वाजवून दुसरा बॉल थेट समोरच्या संघाच्या पायात टाकायचा. त्या क्षणी सगळ्यांना जागच्या जागी थांबवायचं आणि होल्डिंग मिडफिल्डरला एवढंच विचारायचं: त्यांचा स्ट्रायकर कुठे आहे? मागे वळून न बघता त्याला सांगता आलं पाहिजे. चांगला होल्डिंग मिडफिल्डर आपला संघ चढाईत असताना दर दोन-तीन सेकंदांनी खांद्यावरून मागे बघतो. बॉल पुढे असतो, गर्दी पुढे बघत असते, आणि हा मागे बघत असतो. सेंटर बॅकपैकी एकाने स्ट्रायकरला चिकटून, त्याच्या आणि आपल्या गोलच्या मधे उभं राहायचं. दुसऱ्याने दोन-तीन पावलं आणखी मागे. दोघं एका रेषेत उभे राहिले की मागे सुटणाऱ्या पासला कोणीच जबाबदार नसतो. तुमच्या दोन सेंटर बॅकना ही एका रेषेत उभं राहण्याची सवय आहे, आणि इतर संघांविरुद्ध ती खपून जाते. या स्ट्रायकरविरुद्ध खपणार नाही.

प्रेसिंगबद्दलही थोडं. सतत पळणं म्हणजे प्रेस असं समजून लोक 'दम धरत नाही' अशी तक्रार करतात. प्रेस ठरलेल्या खुणेवर सुरू करायचा असतो. समजा त्यांचा डावा सेंटर बॅक उजव्या पायाचा आहे. त्याला मागून पास आला आणि त्याने तो उजव्या पायावर, शरीर आतल्या बाजूला वळवून घेतला, की बाहेरच्या फुलबॅकला पास द्यायला त्याला अर्धा क्षण जास्त लागतो. ती तुमची खूण. तुमच्या उजव्या विंगरने सरळ त्याच्या अंगावर धावायचं नाही. बाहेरून गोलाईत धावायचं, म्हणजे धावतानाच तो फुलबॅककडे जाणाऱ्या पासची वाट अडवेल. आता त्याच्याकडे उरतो मध्ये पास, जिथे तुमचे दोघे टपून आहेत, किंवा गोलकीपरकडे परत, किंवा लांब ढकलून देणं. लांब ढकललेला बॉल त्यांच्या वेगवान स्ट्रायकरला नकोच असतो, कारण त्याला पायात किंवा मोकळ्या जागेत मोजून दिलेला पास हवा असतो. विंगर सरळ धावला, चार मीटर आतून धावला, तर हाच प्रेस एका पासने मोडतो आणि मागे सगळं उघडं पडतं. टीव्हीवर दोन्ही धावा सारख्याच जोशपूर्ण दिसतात.

दहा नंबरमागे माणूस लावायचा का, या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं आहे. मी लावणार नाही. तुमच्या मिडफिल्डरला त्याच्या मागे फिरायला सांगितलंत तर तो त्याला मुद्दाम बाजूला ओढून नेईल आणि मध्ये स्ट्रायकरकडे जाणारी वाट मोकळी करून देईल. हुशार दहा नंबरला असा पाठलाग करणारा माणूस मिळाला की त्याला आनंदच होतो. त्यापेक्षा त्याला बॉल कोण पुरवतो ते बघा. बहुतेक संघांत ते एक-दोन जणच असतात, बऱ्याचदा एक सेंटर बॅक आणि खोल उभा राहणारा मिडफिल्डर. तुमच्या स्ट्रायकरने त्या खोल मिडफिल्डरला झाकून उभं राहावं आणि दहा नंबरला ज्याच्या टापूत तो असेल त्याने सांभाळावं, टापू बदलला की ओरडून दुसऱ्याच्या हवाली करावं. हे ओरडणं महत्त्वाचं आहे. डर्बीच्या आवाजात दहा मीटरवरचं ऐकू येत नाही, म्हणून सरावात हातांच्या खुणा ठरवून घ्याव्या लागतात.

एकोणीस वर्षांच्या मुलाबाबत तुमच्यातले बहुतेक जण म्हणतात की त्याला साठ मिनिटांनंतर आणा, थकलेल्या फुलबॅकवर सोडा. मी उलट करेन. त्याला सुरुवातीपासून खेळवेन आणि साठ-पासष्ट मिनिटांनी काढेन. वर सांगितलेली गोलाईतली धाव पूर्वार्धात पंधरा-वीस वेळा करायला त्याचेच पाय लागतात. तुमचा तेहतीस वर्षांचा विंगर ती पहिल्या वीस मिनिटांत चार वेळा करेल आणि मग नुसता हात वर करून मागच्यांना दाखवेल. शेवटच्या अर्ध्या तासात मात्र धावण्यापेक्षा बॉल कधी धरायचा, कधी सोडायचा, कुठे फाउल मिळवायचा हे कळावं लागतं, आणि ते त्या जुन्याजाणत्याकडे आहे. आता पाच बदल करता येतात, खेळ थांबवून तीन टप्प्यांत, शिवाय मध्यंतरात वेगळे. त्यामुळे पुढचे तिन्ही बदलण्याचा बेत सामन्याआधीच ठरवता येतो, आणि त्या तिघांना तसं सांगितलंही पाहिजे. साठ मिनिटंच खेळायचंय हे माहीत असलेला पोरगा पाय राखून धावत नाही.

डर्बीतला राग हाही डावपेचाचाच भाग धरावा. २२ मार्च २०१५ ला लिव्हरपूल अॅनफिल्डवर मँचेस्टर युनायटेडशी ०-१ ने मागे होतं. मध्यंतरानंतर स्टीव्हन जेरार्ड उतरला आणि ३८ सेकंदांत लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. उत्तरार्धासाठी आखलेला सगळा बेत एका मिनिटाच्या आत गेला, सामना १-२ असा हरले. जेरार्डएवढा अनुभवी, लिव्हरपूलमध्येच वाढलेला खेळाडू. अशा सामन्यात ज्याच्या मनाला तो सामना सर्वांत जास्त लागलेला असतो, त्याच्याबद्दल कोचने आधी विचार करायला हवा. माझी पद्धत अशी: पहिल्या पंधरा मिनिटांत घसरून टॅकल करायचा नाही, फक्त स्वतःच्या बॉक्समध्ये गोल वाचवायचा असेल तर. फुलबॅकला पिवळं कार्ड मिळालं आणि त्याच्यासमोर ड्रिबल करणारा विंगर असला, तर मध्यंतराला त्याला बदलायचं, तो कितीही चांगला खेळत असला तरी. आणि आपण दहा जण उरलो तर कोण कुठे जाईल, हे आदल्या दिवशी दहा मिनिटं चालत चालत करून घ्यायचं.

दहा जणांचा बेत नसला की काय होतं, हे २३ ऑक्टोबर २०११ ला ओल्ड ट्रॅफर्डवर दिसलं. मँचेस्टर युनायटेड शहरातल्याच मँचेस्टर सिटीविरुद्ध ०-१ ने मागे असताना उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच जॉनी इव्हान्सला लाल कार्ड मिळालं. दहा जणांनिशी युनायटेड पुढे पुढे जात राहिलं. १-३ असताना अजूनही बरोबरीची आशा धरून माणसं वर गेली आणि शेवटच्या चार-पाच मिनिटांत आणखी तीन गोल बसले, १-६. त्या मोसमाअखेर दोन्ही संघांचे ८९ गुण झाले आणि सिटीने गोलफरकावर विजेतेपद नेलं, +६४ विरुद्ध +५६. त्या एका सामन्याने दोघांच्या गोलफरकात दहाचं अंतर पाडलं होतं. मैदानावर मान राखण्यासाठी केलेली ती धावपळ मे महिन्यात फार महाग पडली. चाहता म्हणून मला ती वृत्ती समजते. कोच म्हणून मी १-३ ला दोन मिडफिल्डर आणून मधली जागा बंद केली असती.

त्याच मोसमातली दुसरी डर्बी, ३० एप्रिल २०१२ ची, एका कॉर्नरवर ठरली. मध्यंतराच्या तोंडावर सिटीच्या डेव्हिड सिल्व्हाचा कॉर्नर, कोम्पनीचा हेडर, १-०. सर्वसाधारणपणे शंभर कॉर्नरमागे जेमतेम तीन-चार गोल होतात, म्हणून लोक याकडे दुर्लक्ष करतात. पण दोन्ही संघ एकमेकांना पुरते ओळखतात तेव्हा चालू खेळातून संधी कमी निघतात, आणि आठवड्याभरात खरोखर नवं शिकवता येण्यासारखं सेट पीसइतकं (कॉर्नर, फ्री किक यांसारख्या थांबलेल्या बॉलच्या खेळाइतकं) दुसरं काही नाही. तुमचा संघ कॉर्नरवर सहा जण आत पाठवतो आणि मागे दोघेच ठेवतो. त्यांचा गोलकीपर बॉल पकडला की लगेच लांब फेकतो. इथेही मागे तीन ठेवा. बॉक्सबाहेर उभा असलेला एक जण गोलकीपरच्या फेकीच्या रेषेत उभा राहू द्या.

सामना बघताना माझं म्हणणं तपासून बघायचं असेल तर पहिली दहा मिनिटं बॉलवरून नजर काढा. तुमची चढाई चालू असताना तुमचे दोन सेंटर बॅक, होल्डिंग मिडफिल्डर आणि मागे राहिलेला फुलबॅक यांच्याकडे बघा. ते चौघे बॉलबरोबर वर सरकत असतील, स्ट्रायकर त्यांच्या हाताच्या अंतरावर असेल, तर गोल होवो न होवो, बेत चालू आहे. ते मध्यरेषेच्या मागे आणि बाकीचे सहा बॉक्सजवळ, मधे तीस मीटर मोकळे, असं दिसलं तर त्यांचा दहा नंबर लवकरच त्या तीस मीटरमध्ये बॉल घेऊन वळलेला दिसेल.

राहिला शेवटचा प्रश्न, आघाडी मिळाल्यावरचा. १-० ला लगेच मागे सरू नका. सत्तराव्या मिनिटापर्यंत आहे तेच चालू ठेवा, कारण प्रेस थांबवल्याबरोबर त्यांच्या सेंटर बॅकना मान वर करून पास द्यायला वेळ मिळतो. त्यानंतर पुढचे तिघे बदलून झालेले असतील आणि लाइन दहा-बारा मीटर खाली आणावी, पण एक माणूस मध्यरेषेवर ठेवावाच. तो असला की त्यांच्या दोन सेंटर बॅकना मागे थांबावं लागतं. वेळ काढायचाच असेल तर तो त्यांच्या कॉर्नर फ्लॅगजवळ, बॉल पायात ठेवून काढा. गोलकीपरने बॉल कवटाळून बसण्याचे दिवस गेले; २०२५ पासूनच्या नियमाप्रमाणे आठ सेकंदांहून जास्त वेळ हातात धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. बॉक्सच्या कडेला फाउल करायचा नाही, तो मध्यरेषेजवळ, काउंटर सुरू होताना, आणि कार्ड नसलेल्यानेच करायचा. आणि ७५व्या मिनिटाला ०-० असेल तर, तुमच्या संघाला गुणतक्त्यात बरोबरी परवडते आहे म्हणून, दुसरा फुलबॅक वर सोडू नका. स्ट्रायकर बदला, चौकोन तसाच ठेवा, आणि पुढच्या कॉर्नरला तिघे मागे आहेत का ते बेंचवरून मोजा.